अट क्रमांक चार

अर्जावरचं नाव X ने सुरू होत होतं.
मी वाचलं, झुर्झो.
काउंटरपलीकडचा माणूस सवयीने म्हणाला,
शुर्शो. आमच्यात त्या अक्षराचा श होतो.
भाषेच्या रकान्यात कुणीतरी आधीच टाइप केलेलं 'स्पॅनिश'
त्याने एका रेघेत खोडलं, वर लिहिलं: गालेगो.
मी काही बोललो नाही.
माझ्या बिल्ल्यावर वीस वर्षं 'घलसासी' आहे,
त्यातला ळ अख्ख्या न्यूअर्कमध्ये कुणाच्या जिभेवर नाही.

कारण: सान शोआनची रात्र, तेवीस जून.
स्थळ: क्लबमागचं पार्किंग.
आगीची उंची?
त्याने हात कमरेपर्यंत नेला,
माझा चेहरा पाहून गुडघ्यापर्यंत आणला.
अठरा इंच, मी लिहिलं.
अट एक, लोखंडी परातीतच.
अट दोन, गाड्यांपासून आणि तारांपासून पंधरा फूट.
अट तीन, दारू पेटवू नये.
(इथे तो पहिल्यांदा कळवळला.)
अट चार, पाण्याने भरलेली बादली सतत हाताशी.

रात्री टेप घेऊन गेलो.
तारल्या भाजल्याचा धूर, मक्याची भाकरी,
सालासकट उकडलेले बटाटे,
कोपऱ्यात झाकण घातलेलं एक मातीचं भांडं,
ज्याच्याकडे मी पाहिलं नाही.
शुर्शोच्या काखेत वाद्याची पिशवी,
पूर्वी करडाच्या कातड्याची, आता रेनकोटच्या कापडाची.
सूर आधी गळा आवळल्यासारखा,
मग एकदम मोकळा.
दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरायचं,
तो थांबला नाही. विमानंही नाहीत.

रांगेत सगळ्यात पुढे एलादिओ,
वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले.
नऊ वेळा ओलांडायची. आठ नाही, दहा नाही.
मी म्हटलं, उडी मारायचं अर्जात कुठे नाही.
नात उशीआ म्हणाली, मारू नये असंही नाही.
मी कागद पाहिला. खरं होतं.

म्हातारा आगीपुढे उभा राहिला.
अठरा इंच! माझ्याकडे वळून म्हणाला,
गावात असती तर घराएवढी असती
आणि मी खुर्चीत बसून असतो.
मग उंबरा ओलांडावा तसा ओलांडत गेला,
उन, दोउस, त्रेस,
सहाला दम लागला,
उशीआच्या खांद्यावर हात ठेवून उरलेल्या तीन.
त्या तीन वेळी ओठांत पुटपुटला ती नावं होती की आकडे,
मी विचारलं नाही.

आणि बादली?
एर्मिंदाबाईंनी दाखवली.
आत रेल्वेरुळाकडेची बडीशेप, मुळासकट,
ब्राझिलियन दुकानातला सताप,
फादरांच्या न विचारता आणलेल्या गुलाबाच्या पाकळ्या,
आणि नेचा, जो कुठून आणला ते सांगेनात.
ही पाण्याची बादली?
पाणीच आहे.
रात्रभर उघड्या आभाळाखाली राहायचं,
पहाटे त्यानेच तोंडं धुवायची.
आग भडकली तर ओताल?
त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.
ओतीन. मग वर्षभर आम्ही सगळे
पारोसे हिंडू.

मी गाडीतून सिलिंडर आणला,
बादलीच्या शेजारी ठेवला
आणि लिहिलं: अट चार, पूर्ण.

पाच चाळीसला सहीसाठी परत गेलो.
परातीत राख, तिच्यावर एक विसरलेली तारली.
रांग तशीच, आता बादलीपुढे,
एलादिओ खुर्चीत झोपलेला, चेहरा ओला.
एर्मिंदाबाईंनी पेला भरून धरला,
मी टोपी काढली.
वास बडीशेपेचा,
म्हणजे माझ्या लेखी जेवण संपल्याचा,
त्यांच्या लेखी दिवस उघडल्याचा.

शेवटचा रकाना:
आग पूर्ण विझल्याची खात्री केली का?
हनुवटीवरून एक थेंब
नेमका 'हो' वर पडला,
शाई पसरली.
तसाच जमा केला.