मागची बाजू

तुमच्यावर संस्कार कोणाचे, असं कोणी विचारलं
की मी दोन-तीन बरी नावं सांगते.
ती खोटी नसतात. पण ती नंतरची.

आधी होती एक जांभळी कॉपिंग पेन्सिल,
अण्णांनी गिरणीच्या टाइम-ऑफिसातून आणलेली,
जिभेला लावली की उजळणारी.
माझी जीभ वर्षभर जांभळी;
आई म्हणे, पोर आहे की जांभळाचं झाड.

आणि होते जुने मस्टर, पाठकोरे.
पुढच्या बाजूला रामदीन, छेदीलाल, गणपत शिंत्रे,
हजर, हजर, गैरहजर, हजर.
मागे माझा निबंध: आमची गाय.
(आमच्याकडे गाय नव्हती.)
दिव्यासमोर कागद धरला
की गाईच्या पोटातून
अख्खी दुसरी पाळी चालत जायची.

परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीत तीनच मराठी घरं.
मराठीही अशी, की पुण्याच्या मामी
पदर तोंडाला लावून हसायच्या:
"काय म्हणते ही? जेवून राहिली आहे?"
हो, जेवून राहिले आहे.
व्याकरण मी पुढे दुरुस्त केलं,
नको तितकं.

रविवारी आमच्या ओट्यावर रांग लागे.
मी बारा वर्षांची, मांडीवर पाटी, पाटीवर पोस्टकार्ड.
एका कार्डाचे पाच पैसे, नाहीतर मूठभर शेंगदाणे.
फागूलाल साचेवाला उकिडवा बसून सांगायचा,
"लिख दो बिटिया, यहाँ सब कुशल-मंगल है."
त्या रविवारी त्याच्या उजव्या हाताला फडकं होतं
आणि फडक्यात चारच बोटं.
"और ये?" मी विचारलं.
"ये नहीं लिखना."

नाही लिहिलं.
लिहिलं, म्हैस विकू नका.
लिहिलं, बारा रुपये मिळाले का, मुन्नीचा खोकला कसा आहे.
पण ते न लिहिताना पेन्सिल अशी दाबली गेली
की दोनदा टोक मोडलं.
'कुशल'मधला श तर जवळजवळ पलीकडे निघाला.

सात-आठ वर्षांनी त्याची बायको आली, रजवंती,
सुतळीनं बांधलेला कार्डांचा गठ्ठा घेऊन.
तिला एक अक्षर येत नव्हतं.
गावचा मास्तर वाचून दाखवायचा, निघून जायचा,
मग रात्री ती कार्ड उलटं करायची
आणि मागून बोटं फिरवायची.
गठ्ठ्यातून तिनं एक ओढून काढलं, बरोब्बर तेच.
"इस दिन कुछ हुआ था," म्हणाली.
विचारलं नाही. सांगितलं.
एवढी समीक्षा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

आता सवयींचं.
अजून पाठकोऱ्यावरच लिहिते. विजेची बिलं, लग्नपत्रिका,
नातवाच्या कोचिंगची पत्रकं.
कोऱ्या कागदासमोर मी बावळट होते;
त्याच्यावर कोणी गैरहजरच नसतं.
साडेसहाला बसते, पहिल्या पाळीच्या भोंग्याला.
गिरणी गेली. चिमणी आहे की पाडली,
बघायला गेले नाही.
भोंगा कानाच्या आतल्या बाजूला वाजतो,
तेव्हा चहा उकळत असतो.
नाही, उकळून राहिलेला असतो.

पेन्सिल आता मिळत नाही.
जेल रोडच्या दुकानातल्या पोरानं दोन खण उपसले:
"आंटी, वो तो अब म्यूजियम में मिलेगी."
बॉलपेनवर भागवते.
लिहून झालं की डोळे मिटून
कागदाच्या मागून बोट फिरवते.
बहुतेकदा गुळगुळीत.
त्या कागदात मग शेंगांची टरफलं जातात.

काल एका जागी बोट अडलं.
कविता नव्हती ती. दुधाचा हिशेब होता,
माझ्याच हातचा, मागच्या महिन्याचा:
नऊ तारखेपासून अर्धा लिटर कमी.