प्रश्न क्रमांक सतरा

अकोट्याला, खाखऱ्यांच्या दुकानावर, पहिला मजला.
जिगीषाबेन फॉर्म पुढे सरकवतात आणि पेन्सिल देतात.
पेन नाही. खोडता आलं पाहिजे, म्हणतात.
एकशे पस्तीस वाक्यं, समोर चौकटी:
नेहमी, बरेचदा, क्वचित, कधीच नाही.

सतरावं वाक्य:
खोलीत शिरताच कुणाचं काय बिनसलंय ते मला कळतं.

कळतं म्हणजे काय, जिगीषाबेन.
दांडिया बाजारात आमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या.
खताच्या कारखान्याची बस सव्वासहाला कोपऱ्यावर सोडायची,
आणि बाबा अकराव्या पायरीवर येईस्तोवर मला समजलेलं असायचं
आज ताट पाटापुढे राहणार की भिंतीवर जाणार.
डबा कठड्याला लागून वाजला तर बरं.
नाही वाजला, म्हणजे त्यांनी तो घट्ट धरलाय.
मग मी धाकट्याला पाढे म्हणायला बसवायची,
रेडिओ बारीक करायची,
आईच्या हातातली पळी काढून घ्यायची
कढईला लागू नये म्हणून.

मी ‘नेहमी’वर खूण केली. जरा ऐटीतच.
ऑफिसात मला याचसाठी मानतात.
साहेबांच्या केबिनमध्ये जाण्याआधी माझ्या टेबलाशी थांबतात,
वृषालीबेन, आजे हवा केवी छे?

बेरीज झाली. सहा.
जिगीषाबेननी वर्तुळ काढलं, त्यावर नऊ ठिपके,
सहाव्यावर माझं बोट टेकवलं.
चोकीदार, म्हणाल्या. तुमच्यात काय म्हणतात?
पहारेकरी.

मी याला स्वभाव समजत होते.
मावशी म्हणायची, जात्याच शहाणी पोर.
जात्याच!
पाच वर्षांची असताना नेमणूक झाली माझी,
पगार नाही, रजा नाही,
आणि ज्याच्यासाठी पहारा, तो जाऊन चौदा वर्षं झाली
तरी ड्यूटी बदलायला कुणी आलं नाही.

धाकट्याला हालोलला फोनवर सगळी वाक्यं वाचून दाखवली.
त्याचा आकडा सात. गंमत शोधणारा,
दुःख दिसलं की वळसा घालणारा.
तो हसला. म्हणाला, भिंतीवर वरणाचे ओघळ यायचे ना,
मी त्यात नकाशे बघायचो. हे कच्छ, हे खंबायत.
मग बराच वेळ नुसता त्याच्याकडच्या पंख्याचा आवाज.
इतक्या वर्षांत मी त्याला विचारलंच नव्हतं,
तू कुठून पळायचास.

आई अठ्ठ्याहत्तरची. तिलाही फॉर्म हवाच होता.
चष्मा लावून सोळा वाक्यं वाचली,
यात भित्र्या माणसांचा रकाना कुठाय गं, म्हणाली.
मी म्हटलं, नऊही भित्रीच असतात बहुतेक, आपापल्या परीनं.
सतराव्याशी तिनं पेन्सिल खाली ठेवली.
मला अजून सव्वासहाला घशाला कोरड पडते.
डॉक्टरला सांगितलं, तर शुगर तपासा म्हणाला.

इतकंच. माफीबिफी काही नाही.
मी दोन भांडी भरून आणली. दोघी पाणी प्यायलो.

परवा काला घोडापाशी, विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी.
खाली गाळावर मगर, जबडा उघडा टाकून निवांत.
मगरथी सावधान, पाटी.
एक पोर बापाच्या खांद्यावर बसून खारे शेंगदाणे खात होतं.
मी सवयीनं कामाला लागले:
बुडबुडे कुठे, दुसरी कुठे लपलीय,
बापाची पकड सैल तर नाही.
तेवढ्यात पोराच्या हातून पुडी निसटली, थेट नदीत.
माझा श्वास अडकला.
मी बापाच्या जबड्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं.

कंई नै, तो म्हणाला. बीजी लइशुं.

ते वाक्य कळायला मला वेळ लागला.
गुजराती येते मला.

घरी येऊन सतराव्यावरची खूण खोडली.
‘बरेचदा’ केलं. तेही खोडलं.
कागद तिथे पातळ झालाय.
बुधवारी जिगीषाबेन विचारतील,
काहीतरी सांगावं लागेल.