बेसिनपाशी

माझं काम डोक्यांचं.
चौसष्ट भोकांची टोपी चढवायची,
प्रत्येक भोकात बोथट सुईने जेल भरायचं,
आणि तासाभराने सगळं आटोपलं
की कोपऱ्यातल्या बेसिनवर केस धुऊन द्यायचे.
एकतीस वर्षं.
ग्रोनिंगनच्या बाजारात मला माणसं
मागून जास्त ओळखू येतात.

वीत्स्केचं काम त्या डोक्यांच्या आतलं.
अख्खी कारकीर्द तिने अर्ध्या सेकंदात घातली.
म्हणजे असं, की पडद्यावर आकडे धावतात,
सेकंदाला दहा,
त्यांत दोन अक्षरं लपलेली.
पहिलं सगळ्यांना सापडतं.
दुसरं लगेच मागोमाग आलं
तर उघड्या डोळ्यांसमोरून निघून जातं.
लवते ती आतली पापणी.
'पहिलं दिसलं त्याचा हा कर,' ती म्हणायची,
आणि तो कर पैपैने मोजायची,
रात्री दिवा तिचाच शेवटी विझायचा.
मध्ये कधीतरी तिचं लग्न झालं आणि मोडलं.
मला ते तिच्या सायकलवरच्या
मुलाच्या खुर्चीवरून कळलं:
आधी नव्हती, मग रोज होती,
मग आठवड्याआड.

सतरा क्रमांक म्हणजे फोल्कर्ट,
कालव्यावरचा पूल उघडणारा.
बोटींसाठी डोळ्यात तेल घालून बसायचा जन्म,
तरी दर नोव्हेंबरला
दुसरं अक्षर त्याचंही हुकायचं.
एका वर्षी मात्र हुकलं नाही.
एकही नाही. दोनशे चाळीस फेऱ्या.
वीत्स्केने चार वेळा यंत्र तपासलं,
तारा बदलल्या, मला रागावली,
मग त्याला तक्त्यातून काढून टाकलं.
तळटीप: कारण अज्ञात.

कारण माझ्या हातात होतं, फेसासकट.
मान मागे टाकून, डोळे मिटून
तो म्हणाला होता,
'बायको आज पहाटे मुलाकडे गेली, आसेनला.
कायमची.
निघताना मी टेबलावर कप दोन मांडले की एक,
सकाळपासून तेवढंच आठवून पाहतोय.
तुमच्या अक्षरांकडे लक्षच नव्हतं हो माझं.'

फॉर्मवर त्यासाठी चौकट नव्हती.
मला कुणी विचारलंही नाही.
पाणी कोमट आहे ना, एवढं मी विचारलं.

पुढे दुसऱ्याच कुठल्या शहरातून तो निबंध आला:
अर्धं मन भलतीकडे असलेल्यांना
दुसरं अक्षर जास्त सापडतं.
वीत्स्केने तो उभ्याउभ्या वाचला
आणि खिडकी लावून घेतली.

लक्ष जातं, आठवण येते.
बहुतेक एकाच दारातून,
एकमेकींना धक्का देत.

मागच्या गुरुवारी ती कपाटं रिकामी करत होती.
'आल्त्ये, हा सतरा. दोन हजार तीनचा.
काय झालं होतं गं त्याला?'
मी सांगितलं. कप, आसेन, सगळं.
ती चिडेल असं वाटलं होतं.
तिने कागद उलटा करून पाहिला,
जसं काही मागच्या बाजूला ते लिहिलेलं असणार होतं.
मग खुर्चीत बसली. प्रयोगाच्या.
'मला कधी लावलीस का टोपी?'

नव्हती लावली.
यंत्र तर खोक्यात गेलं होतं,
पडदा भिंतीकडे तोंड करून उभा.
तरी मी माप घेतलं: छप्पन.
तरी मी चौसष्टही भोकं भरली,
पांढऱ्या केसांत वाट काढत,
आणि आम्ही दोघी तशाच बसलो,
तारा कशालाच न जोडता,
बाहेर पूल वर जाण्याची घंटा होईपर्यंत.

नंतर बेसिन.
तिथे सगळेच बोलतात. तीही बोलली.
ते मी इथे लिहिणार नाही.
पाणी कोमट होतं, ते मी विचारलं.
कानामागे थोडं जेल राहिलंच माझ्याकडून;
रात्री उशीवर डोकं टेकताना
तिच्या हाताला लागेल,
वाळून कडक झालेलं.