आधार

रोपाला काठी देताना सुतळी
मध्ये पीळ घालून बांधायची,
एक वेढा काठीला, एक रोपाला,
बोटभर जागा सोडून.
हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवते.
पावसाळा सरला की सैल करायची,
नाहीतर साल तिच्यावरून वाढते
आणि दोरी झाडाच्या आत राहते.

कुपवाडच्या कारखान्याचं लॉन मिळालं
तेव्हा माझ्याकडे माणसं तीन, मशिनं दोन
आणि हप्त्यावरचा एक छोटा हत्ती.
मलगोंडा म्हणाला, ताई, जोडपं देतो,
उमदीकडचं. जास्त बोलत नाहीत.
दर त्यानं सांगितला तो इतका कमी
की मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.
हे लिहून ठेवते. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सिद्राम आणि कस्तुरा.
तो हेज कापायचा ओळंबा लावल्यासारखी,
ती लव्हाळा काढायची गाठीसकट
आणि दुपारी पाठ करून भाकरी खायची.
सहाला मलगोंडाची जीप. रविवारीही जीप.
पैसे मी त्याच्याच खात्यावर टाकायची.
सोयीचं होतं.

विश्रामबागेत एका बंगल्यावर
कस्तुराच्या तळव्यात बोगनवेलीचा काटा मोडला.
हात टम्म सुजला.
म्हटलं, चल सिव्हिलला, आधार घे बरोबर.
ती हसली. म्हणजे ओठ हलले.
मराठी थोडं, कानडी फार, त्यातून कळलं ते एवढंच :
आधार मुकादमाच्या पिशवीत.
एटीएमही. रेशनकार्डही.
सासऱ्याच्या दवाखान्यापायी चाळीस हजाराची उचल,
दोन वर्षं दोघं फेडतायत,
आता बासष्ट आहे.

झाडाला खत घालावं लागतं.
उचल नुसती वहीत ठेवली तरी वाढते.

मी माझी वही काढली.
तिच्यात त्यांची नावंच नव्हती.
‘मलगोंडा, लेबर २’,
माझंच अक्षर,
वर कोकोपीट दहा पोती, खाली युरिया.

मलगोंडाला बोलावलं. चहा विचारला नाही.
म्हटलं, पिशवी आण, तुझी वही पण आण,
तहसील कचेरीत उघडू.
तिथं ह्याला उचल म्हणत नाहीत,
वेठ म्हणतात.
तो म्हणाला, ताई, दर तुम्हालाच परवडत होता की.
ह्याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

पिशवी उघडली तेव्हा आत
दोन नाही, अकरा आधार.
बाकीचे नऊ जण त्या घडीला
कुणाच्या लॉनवर वाकलेले होते?

सिद्रामनं कार्ड उलटंपालटं केलं,
फोटोतल्या स्वतःला ओळखायला त्याला वेळ लागला.
पगार सांगितला, रोख, बायकोचा वेगळा.
मान हलवली त्यानं.
सोमवारी दोघंही आले नाहीत.
जतच्या एसटीत चढताना कुणीतरी पाहिलं.
ऐन हंगाम, गवत घोट्याच्या वर, फोनवर फोन.
मला राग आला, खोटं कशाला बोलू,
आणि रागातच उमगलं
की जाता येणं म्हणतात ते हेच,
ते माझ्या सोयीनं थोडंच होणार.

आता कार्ड बघते, नंबर उतरवून घेते
आणि ज्याचं त्याच्या हातात परत देते.
विचारते, आणलं कुणी, देणं कुणाचं आहे,
जवळ कुणी नसताना, पाइप धरून पाणी मारताना,
म्हणजे उत्तर द्यायचं नसेल तर
पाण्याकडे बघता येतं.
दर वाढवलाय. दोन बंगले गेले.

परवा कारखान्याच्या फाटकापाशी
सातविणीची काठी काढायला गेले.
काठी केव्हाच कुजलेली.
दोरी दिसेना.
बोट फिरवलं तर सालीखाली
एक कडक वळ लागला, खोडाभोवती पूर्ण.
सुतळी नव्हती ती, नायलॉन होतं,
सुतळी संपली म्हणून
घाईत मीच बांधलेलं.