स्थळ

शुक्रवारी सकाळी दहाला माणसं बघायला येतात.
मी चहा टाकते,
सोफ्यावरचे केस ओल्या हातानं ओढून काढते
आणि आतल्या खोलीतून एकेकीला उचलून आणते.
सांगलीला आमच्या घरी हे असंच चालायचं.
फक्त तेव्हा आतल्या खोलीत मी असायचे.

अकरा स्थळं.
एकानं चपला काढून चालून दाखवायला लावलं होतं.
म्हणून इथे कुणी म्हणालं, "जरा खेळवून दाखवा ना,"
तर मी सांगते, तिला वाटलं तर खेळेल.

जून म्हणजे फाहाहीलमध्ये सामान बांधायचा महिना.
शाळा सुटतात, करार संपतात,
जिनाभर चिकटपट्टीचा चर्र चर्र आवाज.
मग एका सकाळी कुणाची तरी मांजर
गळ्यात घुंगरू, बंद दारासमोर.
तीन दिवस ती तेच दार ओरबाडते.
चौथ्या दिवशी माझं.

मी कुणाला नावं ठेवत नाही.
माणसाला रातोरात जा म्हणता येतं,
मांजरीला लस, चिप, दाखला, शिक्का, पिंजरा,
आणि या उन्हात विमानं तिला घेत नाहीत.

राखाडी गेली सल्मियाला, एका शिक्षिकेकडे.
दोघे बोके दंतवैद्याकडे; अट घातली होती,
नेलात तर जोडीनं.
कबदच्या वाळूत सापडलेला तीन पायांचा कुत्रा
वफ्राच्या शेतावर टोमॅटो राखतो, म्हणे
चौथा पाय कुणाच्या लक्षातही येत नाही.

राहिली ठमी.
कागदावर ती प्रिन्सेस आहे, पण ते नाव
तिला टाकून गेलेल्यांनी ठेवलेलं.
वय नऊ. मूत्रपिंड नाजूक. डोळा एक.
बकाल्याच्या दारावर लावायला चिठ्ठी लिहायला बसले
तर हातातून आईचीच भाषा उतरली.
"मनमिळाऊ" लिहिलं, खोडलं.
"वर्ण निमगोरा" लिहिलं, हसले, खोडलं.
शेवटी लिहिलं:
एक डोळा आहे. तो तुमच्याकडेच असेल.

चिठ्ठी वाचून एकच जण आला.
मोफज्जल, आमच्याच इमारतीचा हारिस,
नमाज आटोपून, इस्त्रीचा शर्ट, कानामागे अत्तर,
हातात ट्यूनाचा डबा.
रोज पाण्याची मोटर लावणारा माणूस
दारात उभा राहून म्हणाला, बघायला आलोय.

मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं.
जागा किती?
एक खोली, पाच माणसं.
मालकाची परवानगी?
नाही.
आणखी किती वर्षं आहात इथे?
तो हसला. मॅडम, ते मला कोण सांगतं?
माझ्याही पासपोर्टवर मार्चपर्यंतचंच आहे सगळं.
ते मी बोलले नाही.

वहीत नियम माझ्याच अक्षरात आहे, लाल शाईत.
अशा घरी द्यायची नाही.

ठमी सोफ्याखालून बाहेर आली नाही.
तो खाली फरशीवर बसला
आणि अर्धा तास सोफ्याशीच बोलला, त्याच्या भाषेत.
मला "बिलाई" तेवढं कळलं,
आणि भोला, ते त्याच्या गावाचं नाव.
मध्येच त्याचा आवाज बसला.
मी उगाच ओट्याकडे जाऊन साखर शोधली.

पुढच्या शुक्रवारी येऊ?
या की.

चौदा शुक्रवार झाले.
आता ऑक्टोबर आहे, खिडकी उघडता येते,
रात्री अहमदीकडची ज्योत दिसते.
ठमीचं शेपूट तेवढं सोफ्याबाहेर असतं,
कधी कधी एक पंजा.
वहीत "स्थळ" खाली मी त्याचं नाव लिहिलंय.
"होकार की नकार" तिथे काही नाही.

आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, चौदा वेळा आला?
तुला तर कुणी दुसऱ्यांदा नाही आलं गं.

जाताना तो तिची वाटी धुतो,
ओट्यावर उपडी घालतो.
शेजारी स्वतःचा कप, आणि हल्ली
न विचारता माझाही.