बेटावरचा एक

नऊ दवाखान्यांत नऊ यंत्रं, मधे समुद्र.
वादळात केबल तुटली की
कोण मेलं आणि कोण नुसतं गप्प आहे
हे उरलेल्यांना ठरवता येत नाही.
रानवानं यावर एकोणीस वर्षं घालवली.
"उशीर आणि मरण," ती वर्गात म्हणते,
"दुरून सारखंच दिसतं,"
आणि फळा पुसायला घेते, बाहीनंच.

पुढचं काम आकड्यांचं.
कुठल्या बेटावर किती जणांना तो आजार,
एवढंच हवं होतं मंत्रालयाला. नावं नकोत.
नावं नव्हतीच.
पण एका बेटावर माणसंच अकरा,
आणि आकडा: एक.
जिथे दोरीवरच्या सदऱ्यावरून कळतं
कुणाकडे पाहुणा आलाय,
तिथे एक झाकायचा कशात?

म्हणून ती आकड्यात थोडं खोटं मिसळते,
फासा टाकून, मोजून.
देशाची बेरीज फार ढळू नये,
एकट्याचा माग लागू नये.
मूठ झाकलेली, हिशेब उघडा.

गुरुवारी रात्री तक्ता तयार झाला.
त्या बेटापुढे फाशानं शून्य आणलं.
रानवा बघतच राहिली.
मी म्हणाले, सिद्धतेला धरून आहे की.
"आहेच," ती म्हणाली.
"पण तो माझा भाऊ आहे, सुनिवा."

शनिवारी आम्ही गेलो.
लाटांमुळे दोन फेऱ्या रद्द, तिसरी बोट मिळाली.
धक्क्यावर म्हाताऱ्या हाल्बेरानं
रुबार्बच्या मुरंब्याची बरणी हातात दिली,
झाकण आधीच सैल केलेलं.
कुणासाठी, ते बोलली नाही.

घरात त्याच्या बुटांच्या नाड्या गेलेल्या,
तिथे कुणीतरी वेल्क्रो शिवलेलं.
मासे साफ करून ठेवलेले, काटे काढून.
डोंगरावरून मेंढ्या उतरलेल्या,
त्यानं न सांगता.
दहाही जणांना ठाऊक,
आणि दहांतला एकही
दुसऱ्याशी त्याबद्दल बोललेला नाही.

रानवा बोटांवर मोजत बसली:
निरोप शून्य. एकमत पूर्ण.
"हे सिद्ध नाही करता येणार,"
ती जवळजवळ चिडूनच म्हणाली.

भावानं कप दोन्ही हातांनी धरला,
तरी थोडी कॉफी बशीत सांडली.
"माझा आकडा किती आला?"
"शून्य."
"बरं झालं," तो म्हणाला.
"पुढच्या वर्षी दोन येऊ दे.
सोबत होईल."