बाटली

सकाळी सहाला निघताना
किल्ली, पट्टा आणि पाण्याची बाटली.
बाटली माझ्यासाठी नाही.

मिरजकर तिकटीपासून गंगावेशीपर्यंत
सुभेदार एक खांब सोडत नाही.
स्कूटरचं चाक, छत्रीवाल्याचं बाकडं,
काल रात्री उभारलेला मंडपाचा बांबू,
सगळ्यांची हजेरी घेतो
तीन पायांवर उभा राहून.
मी मागून पाणी ओतत जाते,
समोर कुणी नसलं तरी म्हणते, सॉरी हं.

आज दूधकट्ट्यावर
चौगुल्यांच्या म्हशीपुढं गर्दी,
पेल्यात धार फेसाळतेय,
आणि ह्यानं नेमकी गाठली त्यांची किटली.
पितळी. चिंचेनं घासून लख्ख.
सगळ्यांचे पेले ओठांशीच थांबले.

मी बाटली उपडी केली.
थेंब नाही. खांबांनीच संपवलेली.

चौगुले उठले, म्हशीची बादली आणली,
भसकन ओतली किटलीवर,
थोडी माझ्या चपलांवर.
"ऱ्हाऊ द्या वो बाई," म्हणाले,
"आमी तिघं भाऊ, हिच्यावर तिघांची नावं कोरल्यात,
कुणाची किटली म्हणून अजून भांडतोय.
ह्यानं चौथं घातलं."
कुणीतरी फिसकन हसलं,
दूध नाकात गेलं त्याच्या.

परतताना सुभेदाराची शेपटी झेंड्यासारखी.
माझ्या चपला चुबुक चुबुक.

दाराशी ओढणीनं पाटी पुसली.
ह्यांचं नाव आहे तसंच, सात वर्षं झाली.
खाली जागा आहे,
माझं घालायचं राहूनच गेलंय.

सुभेदारानं चौकटीकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
"खबरदार," म्हटलं मी.